फेसाचा नाद

आमच्या न्हाणीघरातल्या फळीवर या घडीला दाढीचे अकरा साबण आहेत आणि हनुवटी एकच आहे. हा हिशेब सौ. पाहुण्यांसमोर मांडते तेव्हा माझ्यापाशी उत्तर नसते. कुणाला तिकिटांचा नाद असतो, कुणी जुनी नाणी जमवतो, आमच्या खालच्या मजल्यावरचे गृहस्थ निवडुंग वाढवतात आणि जिन्यातून जाणाऱ्या-येणाऱ्याला ते टोचतात; त्यांना कुणी काही म्हणत नाही. दाढी ही मात्र उरकून टाकायची गोष्ट, असा सर्वांचा समज आहे. दहा वर्षांपूर्वीपर्यंत माझाही होता.

तेव्हा मी डबा दाबून निघणारा फेस गालावर थापत असे, पाच पात्यांचे यंत्र वरखाली फिरवत असे आणि तीन मिनिटांत ऑफिसच्या वाटेला लागत असे. त्या घाईपायी मानेवर लाल पुरळ उठे. ते कॉलरखाली झाकावयाचे. एके सकाळी डबा रिकामा निघाला. शेजारीच अण्णांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, सरंजाम मांडलेला होता. स्टीलची वाटी, तिच्या तळाशी साबणाची गोल वडी, दुधारी ब्लेडचे जुने यंत्र, तुरटीचा खडा आणि टोकाशी झिजलेला ब्रश. निरुपायाने मी ब्रश ओला केला आणि वडीवर घासू लागलो. अण्णा दारात उभे राहून पाहत होते. म्हणाले, "घाई करू नकोस. साबण आधी ब्रशात नीट जाऊ दे. मग पाणी थेंबाथेंबानं घाल."

मी घातले. पाहता पाहता वाटीत असा फेस उभा राहिला की सणावारी श्रीखंड फेटणाऱ्या माणसाला हेवा वाटावा. त्या दिवशी ऑफिसला वीस मिनिटे उशीर झाला. पण मान स्वच्छ होती. नाद लागतो तो असा.

मग वाचन सुरू झाले. अण्णांचे ते दुधारी यंत्र मूळचे किंग कॅम्प जिलेट नावाच्या अमेरिकन फिरत्या विक्रेत्याच्या डोक्यातले. १९०३ साली, विक्रीच्या पहिल्या वर्षी, त्याची अवघी ५१ यंत्रे आणि १६८ पाती खपली. पुढच्याच वर्षी यंत्रांचा आकडा ९० हजारांवर गेला! त्यानंतर १९७१ साली एकाला एक जोडून दोन पाती आली, १९९८ साली तीन झाली, २००६ साली पाच. आम्ही हौशी माणसे या रस्त्याने उलट चालत पुन्हा एका पात्याशी येऊन थांबलो आहोत. असे लोक आता जगभर आहेत. लंडनला तर ट्रुफिट अँड हिल हे दुकान १८०५ सालापासून श्मश्रूच्याच व्यवसायात आहे. आपल्याकडे पेशवाई होती तेव्हापासून ते लोकांच्या हनुवट्या सांभाळत आहे.

ब्रशाची कथा निराळी. इंग्रजांना बॅजर नावाच्या प्राण्याचे मऊ केस आवडतात. घोड्याच्या केसांचेही ब्रश होतात. पण पहिल्या महायुद्धाच्या काळात असे केस नीट निर्जंतुक न करता वापरल्यामुळे इंग्लंड-अमेरिकेतल्या कितीतरी सैनिकांना दाढी करता करता अँथ्रॅक्स झाला आणि काही दगावलेही. स्वस्त आणि टिकाऊ ब्रश म्हणजे डुकराच्या ताठ केसांचा. तो वापरून वापरून टोकाशी दुभंगतो आणि मऊ होतो. अण्णांचा ब्रश कोणत्या जातीचा, हे मी वाचता वाचता ओळखले होते. आमचे घर शुद्ध शाकाहारी. स्वयंपाकघरावर आईचे राज्य. मी काही बोललो नाही.

आता साबणाकडे वळू, कारण खरे रामायण तिथेच घडले. साबण म्हणजे तेल किंवा चरबी अधिक क्षार, एवढे शाळेत शिकलेले असते. अंगाचा साबण कॉस्टिक सोड्याचा, म्हणून कडक होतो. दाढीच्या साबणात सोड्याबरोबर कॉस्टिक पोटॅश असते. त्यामुळे तो मऊ राहतो आणि ब्रशाला चटकन लागतो. पण फेसाचे गुणदोष ठरतात ते तेलावर. खोबरेलाचा साबण भराभर फेसाळतो, मोठमोठे बुडबुडे काढतो आणि गालावर वाळून जातो. बोलघेवड्या माणसासारखे त्याचे असते. दाट आणि टिकाऊ फेसाला स्टिअरिक आम्ल लागते आणि ते प्राण्यांच्या चरबीत चांगले असते. म्हणून युरोपातले जुने नामांकित साबण चरबीचे. वनस्पती तेलाच्या साबणाला त्यांची सर येईल का, यावर आमच्या पंथात कडाक्याची भांडणे होतात. बरे, दाढीचे केस साबण मऊ करत नाही; ते काम पाण्याचे. कोमट पाणी दोन-तीन मिनिटे केसांत मुरले की केस कापायला हलका होतो. त्या पाण्याला गालावर धरून ठेवायचे आणि पात्याला घसरायला वाट द्यायची, एवढेच फेसाचे काम. परंतु हे मला पुढे उमगले.

गेल्या दिवाळीला इंग्लंडहून भाचा आला. मामाचा नाद त्याला ठाऊक. त्याने चिनी मातीच्या वाडग्यातला एक सुरेख साबण आणला. त्याचा फेस काय वर्णावा! पाते गालावरून जात आहे की नाही, हे कळू नये. वेष्टनावर घटकांत पहिलेच नाव होते, पोटॅशियम टॅलोएट. टॅलो म्हणजे चरबी. मला हे माहीत होते, पहिल्या दिवसापासून माहीत होते. मी वेष्टन टाकून द्यायला हवे होते, किंवा साबण तरी. दोन्ही न करता मी वेष्टन टॉवेलांच्या कपाटात सरकवले आणि चार महिने त्या फेसाचे सुख घेतले.

फाल्गुनात धाकटीने कपाट आवरायला काढले. ती हल्ली शाळेत रसायनशास्त्र शिकते आणि सापडेल तो कागद मोठ्याने वाचते. "बाबा, टॅलोएट म्हणजे काय?"

आई तिथेच कोथिंबीर निवडत बसली होती. मी म्हटले, "साबणातलं काहीतरी." धाकटीने पुस्तक काढले आणि अर्थ वाचून दाखवला.

माझी आई लग्न होऊन आली त्यानंतर चारच वर्षांनी, १९८३ साली, वनस्पती तुपात गाईची चरबी मिसळल्याचे प्रकरण देशभर गाजले आणि सरकारने चरबीची आयात बंद केली. त्या दिवसापासून वनस्पती तुपाचा डबा आमच्या घराच्या उंबऱ्याच्या आत आलेला नाही. गोदरेजचा साबण मात्र तिच्या माहेरी फार पूर्वीपासून मानाचा, कारण अर्देशीर गोदरेज यांनी पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस चरबी न घालता वनस्पती तेलाचा साबण काढला, ही गोष्ट तिच्या आजोबांनी तिला सांगितलेली. अशा बाईच्या घरात मी चार महिने काय करत होतो!

ती रागावली असती तर बरे झाले असते. तिने कोथिंबीर निवडून संपवली. दुसऱ्या दिवशी पाहतो तो न्हाणीघराच्या फळीवरचा तिचा उटण्याचा डबा, दंतमंजन, शिकेकाई, सारे काही तिच्या खोलीत गेलेले. तोंड धुवायला ती मागच्या गॅलरीतल्या नळावर जाऊ लागली. तिचे वय पंच्याहत्तरच्या आसपास आणि तिथे फरशी निसरडी.

मी साबण ऑफिसातल्या एका मित्राला देऊन टाकला, फळी सोड्याने घासली आणि तिला तसे सांगितले. ती म्हणाली, "साबणाचं काय एवढं! तू मला विचारलं असतंस तर मी नको म्हटलं असतं. म्हणून तू विचारलं नाहीस. होय ना?"

याला उत्तर नव्हते. नळ गॅलरीतलाच राहिला.

मी हट्टाने वनस्पती तेलाचे साबण जमवू लागलो (अकरापैकी सात तेव्हाचे) आणि एकामागून एक सगळे नापास होऊ लागले. फेस उठे आणि गालावर जाईपर्यंत बसे; वाटीला पांढरा चिकट थर धरे. चरबीवाल्यांचे म्हणणेच खरे, अशी माझी खात्री होत चालली. एप्रिल संपत आला होता. पुण्याच्या आमच्या बाजूला उन्हाळ्यात धरणाचे पाणी पुरत नाही. सोसायटी टँकर मागवते आणि बोअरचे पाणी मिसळते. अण्णा एके सकाळी नुसते म्हणाले, "साबणाला काय शिव्या देतोस? पाणी बघ."

त्याच दिवशी जेवताना सौ. आईला सांगत होती की तुरीची डाळ चार शिट्ट्या झाल्या तरी अख्खीच राहते. आई म्हणाली, "टँकरचं जड पाणी. उकळून, निवळून घे."

माझ्या डोक्यात तेव्हा कुठे उजेड पडला. आमच्या शाळेच्या पुस्तकात अशा पाण्याला 'दुष्फेन' म्हणत. ज्याने हा शब्द घडवला तो दाढी करणारा असला पाहिजे! त्या पाण्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाला धरतात आणि त्याचा फेस होण्याऐवजी न विरघळणारा साका होतो. पाणी उकळले की यातला बराच भाग पांढरा होऊन तळाशी बसतो. दुसऱ्या दिवशी मी तांब्याभर पाणी उकळून, गाळून, कोमट करून घेतले. नापास झालेल्या सातांपैकी पाच पास झाले.

तरी इंग्लंडच्या त्या साबणाची आठवण जात नव्हती, हे खरे सांगितले पाहिजे. स्टिअरिक आम्ल भरपूर असलेले, पण झाडाचे असे तेल कोणते, याची मी कोष्टके चाळत बसलो. कोको बटर चांगले. शिआ त्याच्या पंगतीतले. आणि त्या सगळ्यांच्या वर, निम्म्याहून अधिक स्टिअरिक आम्ल असलेले एक नाव: कोकम.

आईचे माहेर कुडाळजवळ. दर वर्षी मे अखेरीस मावशीकडून आमसुले, आगळ आणि केळीच्या पानात बांधलेले मुठेलाचे गोळे येतात. मुठेल म्हणजे कोकमाच्या बियांचे तेल. बिया वाळवून, फोडून, आतला गर कुटून पाण्यात उकळायचा. वर तरंगणारे तेल काढून घेतले की ते थिजते आणि मुठीने त्याचे गोळे वळतात, म्हणून मुठेल. आई ते थंडीत टाचांच्या भेगांना लावते. उन्हाळ्यातही ते लोण्यासारखे ओघळत नाही, दगडासारखे घट्ट राहते. मी लहानपणापासून त्याला नाक मुरडत आलो होतो.

मी तिच्या खोलीत गेलो आणि या वेळी विचारले, "दोन गोळे देशील का? साबण करून पाहतो."

तिने माझ्याकडे बराच वेळ पाहिले. "टाचांना पुरायला हवं," म्हणाली आणि तीन काढून दिले.

पहिला घाणा फसला. सोड्याचे कोष्टक पाहून मी पोटॅशचे वजन केले होते. पोटॅश वजनाला भारी आणि कामाला हलके, चाळीस ग्रॅम सोड्याचे काम करायला छप्पन्न ग्रॅम लागते. त्यामुळे तेल सुटेच राहिले आणि साबणाऐवजी मलम तयार झाले. आईने ते टाचांना लावून पाहू का म्हणून विचारले. मी घाबरून भांडे उचलले. दुसऱ्या वेळी मुठेल निम्म्याहून जास्त, त्याखालोखाल खोबरेल आणि थोडे एरंडेल, असा बेत केला. क्षार पाण्यात हळूहळू घालायचा, पाणी क्षारावर कधीच ओतायचे नाही. भांडे स्टीलचे, अॅल्युमिनियमचे मुळीच नव्हे. डोळ्यांवर चष्मा आणि हातांत मोजे. पोरांना स्वयंपाकघरात यायला बंदी होती, पण आईला कोण बंदी घालणार? ती पदर खोचून लांब स्टुलावर बसली आणि मंद आचेवर तीन तास मला ढवळायला लावले. मध्येच मिश्रण फाटल्यासारखे दिसले तेव्हा मी हातपाय गाळले. ती म्हणाली, "थांबू नकोस. पुरणही असंच फसवतं." खरोखरच थोड्या वेळाने ते मिळून आले, उकडलेल्या बटाट्यासारखे पारदर्शक झाले.

तो साबण पावसाळाभर मुरत ठेवला. हरतालिकेच्या दिवशी, उद्या गणपती येणार म्हणून अण्णांची दाढी जरा साग्रसंगीत असते, तेव्हा वडी काढली. इंग्लंडच्या साबणाइतका तो होता का? अगदी तितका नव्हता. फेस चढायला थोडा वेळ जास्त घेतो. पण चढला की टिकतो आणि दाढी झाल्यावर गाल ओढल्यासारखा होत नाही. अण्णांनी दोन्ही गाल रंगवले, मान डोलावली आणि यंत्र उचलले.

आई उपवासाच्या गडबडीतही आपले मुठेल पाहायला आली. न्हाणीघराच्या दारात मार्चनंतर ती प्रथमच उभी होती. तिने वाटीत बोट घालून फेस पाहिला, वास घेतला, बरा आहे म्हणाली. मग तिची नजर ब्रशावर गेली. तो तिने उचलला आणि त्याचे पांढरे ताठ केस अंगठ्याने उलटसुलट करून पाहिले.

"अहो, हे केस कसले?"

त्या ब्रशाला आमच्या घरात चाळीस वर्षे झाली आहेत. अण्णांच्या तोंडावर फेस होता. त्याचा फायदा घेऊन ते आरशात हनुवटी निरखू लागले. आईने माझ्याकडे पाहिले. मी सांगितले.

दुसऱ्या दिवशी गणपती बसल्यावर मी बाजारातून नायलॉनचे दोन ब्रश आणले. एक अण्णांनी काही न बोलता वाटीत ठेवून दिला. उटण्याचा डबा संध्याकाळी फळीवर परत आला होता.