संकेतन : दूरध्वनी जाळ्याची अदृश्य भाषा

संभाषण सुरू होण्यापूर्वी दोन दूरध्वनी केंद्रांना परस्परांशी संवाद साधावा लागतो. कोणता क्रमांक हवा, वाहिनी मोकळी आहे का, संभाषण केव्हा संपले, ही माहिती पोहोचविण्याच्या पद्धतीस ‘संकेतन’ म्हणतात.

ई-१ दुव्याचा वेग सेकंदास २.०४८ मेगाबिट असून त्यात ३२ टाइम स्लॉट असतात. शून्य क्रमांकाचा समकालनासाठी, सोळावा सामान्यतः संकेतनासाठी आणि उर्वरित ३० संभाषणांसाठी वापरले जातात. संकेतन प्रणाली क्रमांक ७ च्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार प्रत्येक केंद्रास १४ बिटांचा संकेतांक असतो. इंटरफेस कार्डावर संकेतनाचा स्लॉट, दोन्ही केंद्रांचे संकेतांक आणि वाहिन्यांचे क्रमांक नोंदवितात. दोन्ही टोकांच्या नोंदी जुळल्या नाहीत, तर तार अखंड असूनही दूरध्वनी लागत नाही.

बंगळूर येथे १९४८ मध्ये इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीज स्थापन झाली. १९८४ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॉटचे कार्य दिल्लीप्रमाणे बंगळूर येथेही चालले. १९८६ मध्ये कर्नाटकातील कित्तूर येथे तिचे १२८ जोडण्यांचे ग्रामीण स्वयंचलित केंद्र सुरू झाले. गावातील केंद्र देशाच्या जाळ्याशी जोडले जाते, ते संकेतन जुळल्यामुळेच. स्वदेशी उपकरणाइतकेच समान मानकांचे पालनही म्हणूनच महत्त्वाचे ठरते.