कंटेनर: एक विहीर, अनेक बिऱ्हाडे

एका प्रकल्पाला पायथॉनची जुनी आवृत्ती लागते, दुसऱ्याला नवी. दोन्ही एकाच लॅपटॉपवर मांडले की एकासाठी केलेला बदल दुसऱ्याला बंद पाडतो. कंटेनरमध्ये प्रत्येक प्रकल्प आपल्या लायब्ररींसह स्वतंत्र राहतो. काय काय बसवायचे हे डॉकरफाइल नावाच्या साध्या मजकुरात लिहिलेले असते. त्यावरून इमेज, म्हणजे कंटेनरचा साचा, तयार होते. डेटाबेससारखे सोबती कंपोज फाइलमध्ये नोंदवले की नव्या प्रोग्रॅमरला एका आज्ञेत सगळा संच सुरू करता येतो.

कंटेनर म्हणजे छोटा संगणक, हा समज मात्र चुकीचा आहे. व्हर्च्युअल मशीनमध्ये अख्खी ऑपरेटिंग सिस्टीम चालते. कंटेनर ही लिनक्सवरची साधी प्रोसेसच असते, फक्त तिच्याभोवती भिंती असतात. जुन्या वाड्यात बिऱ्हाडे वेगळी, पण विहीर सामाईक असे. येथे ती विहीर म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा, कर्नल. नेमस्पेस प्रोसेसला काय दिसावे ते ठरवतात, सीग्रुप तिने मेमरी आणि प्रोसेसर किती वापरावा ते. गंमत अशी, की आतून स्वतःला पहिल्या क्रमांकाची समजणारी प्रोसेस बाहेरून पाहिल्यास भलत्याच क्रमांकाची असते!

कंटेनरचे श्रेय बहुधा डॉकर या साधनाला आणि मार्च 2013मध्ये ते जगापुढे मांडणाऱ्या सॉलोमन हाइक्स यांना मिळते. थरांची इमेज आणि तिची सोपी देवाणघेवाण ही डॉकरची मोठी देणगी खरी. पण भिंती आधीच उभ्या होत्या. 1979च्या युनिक्समध्ये क्रूट होते, 2000मध्ये फ्रीबीएसडीत जेल आले. गूगलमधील पॉल मेनेज आणि रोहित सेठ यांनी 2006मध्ये सीग्रुपचे काम सुरू केले आणि जानेवारी 2008मध्ये ते लिनक्स कर्नलच्या 2.6.24 आवृत्तीत आले. या दोघांची नावे आज फारशी कोणी घेत नाही, हा अन्यायच आहे.

‘एकदा बांधा, कुठेही चालवा’ हा दावाही तपासून घ्यावा. मॅक आणि विंडोजवर लिनक्स कंटेनर पडद्याआडच्या लिनक्स व्हर्च्युअल मशीनमध्ये चालतात. त्यामुळे लॅपटॉपवरच्या फाइली आतून वाचताना वेग मंदावतो. इंटेलसाठी बांधलेली इमेज एआरएम प्रोसेसरवर थेट चालत नाही. कंटेनर काढून टाकला की त्यात साठवलेला डेटाही जातो, म्हणून डेटाबेसला व्हॉल्यूम, म्हणजे कंटेनरबाहेरची साठवण, जोडावा लागतो. डॉकरफाइलच्या पहिल्या ओळीत, मूळ इमेजच्या नावापुढे, ‘लेटेस्ट’ लिहिणे तर टाळावेच. ते नाव आज एका आवृत्तीकडे बोट दाखवते, उद्या दुसरीकडे. तेथे नेमका आवृत्ती क्रमांकच लिहावा.