सातपुड्याच्या माथ्यावरील वन : तोरणमाळ

खानदेशचा उन्हाळा कसा असतो, हें जळगांव-धुळ्याच्या रहिवाशांस सांगावयास नको. मे महिन्यांत तापीच्या खोऱ्यांत पारा ४२-४३ अंशांवर गेला, म्हणजे सुखवस्तु कुटुंबांची दृष्टि महाबळेश्वराकडे वळते. परंतु उत्तरेस क्षितिजावर जी निळसर रेषा दिसते, त्या सातपुड्यांतच सुमारें १,१५० मीटर उंचीवर तोरणमाळ वसलेलें आहे. १ जुलै १९९८ रोजीं धुळें जिल्ह्यांतून नंदुरबार जिल्हा वेगळा झाला. तेव्हांपासून हें स्थान त्या जिल्ह्याच्या अक्राणी तालुक्यांत मोडतें.

शहाद्याहून सुमारें ५५ किलोमीटरांची ही वाट आहे. शेवटीं ‘सात पायरी’ नांवाचा वळणावळणाचा घाट चढला कीं, साग व सालई यांनीं वेढलेलें पठार लागतें. मध्यभागीं यशवंत तलाव, जवळच गोरक्षनाथाचें मंदिर, आणि एका बाजूस सीताखाईची खोल दरी. महाशिवरात्रीस येथें मोठी यात्रा भरते. तोरण नांवाच्या झुडुपांवरून या जागेस नांव पडलें, असें सांगतात.

उंचीवर सूर्य अधिक जवळ, मग तेथें गारवा कां, असा प्रश्न मुलें हमखास विचारतात. त्याचें उत्तर असें कीं, हवा मुख्यत्वें सूर्यकिरणांनीं थेट तापत नाहीं. ती तापलेल्या जमिनीच्या योगानें तापते. वर चढणाऱ्या हवेवरील दाब कमी होतो, ती प्रसरण पावते आणि त्यामुळें थंड होते. सरासरीनें दर १,००० मीटरांस तपमान साडेसहा अंशांनीं उतरतें. तोरणमाळ पायथ्यापेक्षां जवळजवळ तितकेंच उंच आहे. तेव्हां शहाद्यास ४२ अंश असतां येथें ३५-३६ अंश असावेत, हें ओघानेंच आलें.

तथापि या वनाचें खरें मोल गारव्यांत नाहीं. पावसाळ्यांत पडलेलें पाणी पालापाचोळा अडवितो, मुळें जमिनींत उतरवितात, आणि उरलेलें ओढ्यांवाटे खालीं येतें. सातपुड्याच्या पायथ्याशीं चोपडा, यावल व रावेर तालुक्यांत दगडगोटे व वाळू यांचा जाड थर पसरलेला आहे. डोंगरांतून आलेलें पाणी या थरांत मुरतें, आणि जळगांवची केळी पोसणाऱ्या विहिरींचा तोच आधार होय. आज रावेर-यावल भागांत मुरणाऱ्या पाण्यापेक्षां उपसा अधिक होऊं लागला आहे. अशा वेळीं डोंगर उघडे पडले, तर पाणी मुरण्याऐवजीं माती घेऊन धांवत सुटेल. तलाव गाळानें भरतील आणि विहिरी अधिकच खोल जातील. शहरांतील घरीं आलेल्या केळीच्या फण्याचा संबंध अशा रीतीनें डोंगरावरील झाडाशीं पोंचतो.

या डोंगरांत पावरा व भिल्ल लोक पिढ्यान्‌पिढ्या राहतात. मोहाचीं फुलें, चारोळी व तेंदूचीं पानें हा त्यांच्या चरितार्थाचा भाग आहे. २००६ च्या वनहक्क कायद्यानें त्यांच्या परंपरागत अधिकारांस मान्यता दिली. प्रवाशाच्या डोळ्यांना जें सृष्टिसौंदर्य, तेंच येथील कुटुंबाचें अंगण होय.

चीनच्या सिच्वान प्रांतांतील जिउझाइगौ ही उंच डोंगरांतील वनें व सरोवरें यांची दरी १९९२ सालीं जागतिक वारशाच्या यादींत आली. तेथें खाजगी मोटारी प्रवेशद्वारापाशीं थांबतात व आंत उद्यानाच्याच गाड्या फिरतात. तोरणमाळचा पसारा त्या मानानें लहान. म्हणूनच गर्दीचा भार त्यास लवकर जाणवेल. तलावाकांठीं कचरा न टाकणें, उन्हाळ्यांत वाळलेल्या पानांत विस्तव न पेटविणें, आणि गरजेच्या वस्तु शक्यतों तेथील लोकांकडूनच विकत घेणें, एवढें पथ्य प्रत्येक कुटुंबास पाळतां येण्यासारखें आहे. तें पाळलें, तर दोन दिवसांच्या विसाव्याची किंमत डोंगरास मोजावी लागणार नाहीं.