मुंबई बंदरात शिडाची नौका भाड्याने घेताना काय पाहाल?

वाढदिवस किंवा ऑफिसच्या सहलीसाठी गेटवे ऑफ इंडियाजवळून खलाशांसह शिडाची नौका तासांच्या हिशेबाने भाड्याने मिळते. भाडे सहसा माणशी नसून पूर्ण नौकेचे असते. माणसे वाढली की प्रत्येकाचा वाटा कमी होतो आणि जास्त जणांना चढवण्याचा मोह तिथेच होतो.

आधी काय विचारावे?
परवान्यावर प्रवासी क्षमता किती, हे पाहा. मोजणीत लहान मुलेही धरा. प्रत्येकासाठी लाइफ जॅकेट आहे का, वारा पडल्यास इंजिन आहे का आणि हवामान बिघडल्यास पैसे परत मिळतील का, हेही विचारा.

जॅकेट कधी घालावे?
नौकेत चढण्यापूर्वीच. १८ डिसेंबर २०२४ रोजी एलिफंटाला निघालेल्या बोटीवर नौदलाची स्पीडबोट आदळली आणि १५ जणांचा मृत्यू झाला. संकटात जॅकेट शोधायला वेळ मिळत नाही.