फिलिपीन्समधील स्पॅनिश राज्यकारभार आणि भाषेचा प्रश्न

जेत्यांची भाषा कालांतराने जितांची होते, हा लॅटिन अमेरिकेच्या इतिहासावरून काढला जाणारा निष्कर्ष फिलिपीन्सला लागू पडत नाही. मिगेल लोपेस दे लेगास्पी १५६५ मध्ये सेबू बेटावर उतरला व १५७१ मध्ये त्याने मनिला येथे राजधानी स्थापन केली. तेव्हापासून १८९८ पर्यंत हा द्वीपसमूह स्पेनच्या अंमलाखाली होता. तथापि तीन शतकांनंतरही स्पॅनिश जाणणाऱ्यांची संख्या अत्यल्पच राहिली. याचे कारण मुख्यतः राज्यकारभाराच्या रचनेत सापडते.

१८२१ पर्यंत हा मुलूख मेक्सिको येथील राजप्रतिनिधीच्या अखत्यारीत होता. स्पेनशी संबंध राही तो अकापुल्को व मनिला यांच्या दरम्यान जाणाऱ्या व्यापारी गलबतांमार्फत. मनिला येथील गव्हर्नर हा मुलकी व लष्करी प्रमुख असे आणि ‘आउदिएन्सिया’ हे वरिष्ठ न्यायालय त्याच्यावर अंकुश ठेवी. प्रांतावर ‘आल्काल्दे मायोर’ हा स्पॅनिश अधिकारी नेमला जाई. त्याच्या खालचा कारभार मात्र स्थानिकांच्याच हाती होता. गावाचा प्रमुख ‘गोबेर्नादोर्सिल्यो’, तर चाळीस-पन्नास कुटुंबांकडून करवसुली करणारा तो ‘काबेसा दे बारांगाय’. बारांगाय ही स्पॅनिशपूर्व काळातील वस्तीच होय. तिच्या परंपरागत नायकालाच नव्या सत्तेने आपला वसूलदार केले.

अशा गावात कायम राहणारा स्पॅनिश मनुष्य बहुधा एकच असे, आणि तो म्हणजे ख्रिस्ती धर्मगुरू. लोकांना स्पॅनिश शिकवावे, अशा राजाज्ञा वेळोवेळी निघाल्या. परंतु धर्मगुरूंनी स्वतःच लोकभाषा शिकून घेतल्या व त्यांची व्याकरणे आणि कोश रचले. १५९३ मध्ये मनिला येथे छापलेल्या ‘दोक्त्रिना क्रिस्तियाना’ या ग्रंथात स्पॅनिशबरोबर टागालोग भाषा आहे, आणि ती रोमन व बायबायिन या दोन्ही लिप्यांत दिली आहे. बायबायिन ही ब्राह्मी कुळातील लिपी मानली जाते. उलट दिशेचा प्रयत्नही लवकरच झाला. तोमास पिन्पिन या टागालोग मुद्रकाने १६१० मध्ये आपल्या बांधवांसाठी स्पॅनिश शिकविणारे पुस्तक प्रसिद्ध केले. परंतु त्याच्यामागे कोणतीही शासनयंत्रणा उभी राहिली नाही. राजा आणि रयत यांच्यामधील दुभाषेपण धर्मगुरूंकडेच राहिले, आणि तेच त्यांच्या सत्तेचे मूळ होय.

या संदर्भात गोव्याचे उदाहरण उद्बोधक ठरेल. १५८० ते १६४० या काळात स्पेन व पोर्तुगाल यांचा राजा एकच होता. याच काळात, १६१६ मध्ये, फादर स्टीफन्स यांचे मराठी ‘ख्रिस्तपुराण’ रायतूर येथे छापले गेले. पुढे १६८४ मध्ये मात्र गोव्याच्या पोर्तुगीज शासनाने स्थानिक भाषा सोडून पोर्तुगीज स्वीकारण्याचा हुकूम काढला. फिलिपीन्समध्ये लोकभाषा टिकल्या. पण त्यांचे टिकणे हे लोकांच्या अधिकाराचे द्योतक नव्हते.

म्हणूनच एकोणिसाव्या शतकात स्पॅनिश भाषा ही सुशिक्षित फिलिपिनोंची मागणी बनली. १८६३ च्या हुकुमाने प्राथमिक शाळा व स्पॅनिशचे शिक्षण यांची तरतूद झाली, तरी शाळांवरील देखरेख गावच्या धर्मगुरूकडेच देण्यात आली. होसे रिसालच्या ‘एल फिलिबुस्तेरिस्मो’ (१८९१) या कादंबरीत विद्यार्थी स्पॅनिश शिकविणारी संस्था मागतात. ती मंजूर होते, पण धर्मगुरूंच्या नियंत्रणाखाली. ही घटना काल्पनिक असली, तरी तिच्यातील उपरोध प्रत्यक्ष कारभारातूनच आलेला आहे.

ही कादंबरी व तिच्या आधीची ‘नोली मे तांगेरे’ (१८८७) या दोन्ही स्पॅनिशमध्ये लिहिल्या गेल्या. ज्या सत्तेवर त्या आरोप ठेवीत होत्या तिला त्या वाचता येत होत्या. ज्यांच्या वतीने आरोप होता, त्यांतील बहुसंख्यांना येत नव्हत्या. ३० डिसेंबर १८९६ रोजी रिसालला गोळ्या घालून देहदंड देण्यात आला. त्याने तिसरी कादंबरी टागालोगमध्ये लिहावयास घेतली होती. ती अपुरीच राहिली.