ओझ्याशिवाय डोंगर



रान आपल्याला नवीन नाही. सरपणाला, शेळ्यांमागे, करवंदांना आपण जातोच. मग वाटाड्या सोबत घेऊन मुद्दाम डोंगर कशाला चढायचा? आमच्या गटातल्या बायकांनीही हेच विचारलं होतं.

पण याचं शिक्षण देणाऱ्या शाळासुद्धा आहेत. १९४१ साली वेल्समध्ये कुर्ट हान यांनी 'आउटवर्ड बाउंड' सुरू केली. समुद्रावर, डोंगरावर तरुणांना अवघड काम द्यायचं आणि आपल्यात काय बळ आहे ते त्यांचं त्यांना कळू द्यायचं, असा तिचा विचार. आपल्या बचेंद्री पाल १९८४ साली एव्हरेस्टवर पोचल्या आणि पुढे कितीतरी बायकांना डोंगरात घेऊन गेल्या.

आम्ही गेलो कळसूबाईला. उंची १६४६ मीटर, महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर. दिवाळीनंतर बारी गावातून निघालो, गावातलाच वाटाड्या घेतला.

लोखंडी शिडीपाशी गटातल्या एक मावशी खालीच बसल्या. वाटाड्यानं विचारलं, "मावशी, वर यायचं की इथंच थांबायचं?" त्या बोलायच्या आत आम्हीच म्हणालो, "नाही हो, त्यांना नाही जमायचं." तो शांतपणे म्हणाला, "ताई, मी मावशींना विचारलंय."

मावशी म्हणाल्या, "जरा दम खाते, मग येते." आणि आल्या. वाटाड्या त्यांच्या मागेच राहिला. ओढलं नाही, ढकललं नाही. पाय कुठं ठेवायचा तेवढं सांगत राहिला.

खाली उतरल्यावर गोल करून बसलो. प्रत्येकीनं स्वतःबद्दल काय कळलं ते सांगायचं होतं. अध्यक्षताई म्हणाल्या, "मी पुढंच चालत राहिले, मागं कोण राहिलं ते पाहिलंच नाही." मावशी म्हणाल्या, "मला जमेल का, ते मलाही ठाऊक नव्हतं. पण आजवर कुणी विचारलंही नव्हतं." आम्ही मान खाली घातली. बँकेत, बैठकीत त्यांच्या वतीनं आम्हीच तर बोलत आलो होतो.

हे घरी का कळत नाही? घरी डोक्यावर काम असतं, वागायची रीत ठरलेली असते. डोंगरावर ओझं उतरतं आणि सवयी उघड्या पडतात. जाणता माणूस सोबत असला की जिवाची काळजी मिटते, मग आपल्या भीतीकडे नीट बघता येतं. मात्र नुसतं चढून भागत नाही. नंतर बसून बोलायला हवं. आणि एखादी म्हणाली, "मी इथंच थांबते," तर तेही तिचं उत्तर आहे. तिला हसायचं नाही.

तुम्हीही जा. पाऊस सरल्यावर जा, भरपूर पाणी घ्या, वाटाड्या तिथल्याच गावातला घ्या.

पुढच्याच महिन्यात बँकेत साहेबांनी मावशींना कर्जाबद्दल विचारलं. उत्तर आमच्या ओठावर आलं होतं, पण आम्ही गप्प राहिलो. थोडा वेळ गेला. मग मावशी बोलल्या.