सूर्याला निर्दोष सोडवणारी कंपनं

दिवाळीच्या सुमारास, रात्री आठ-नऊच्या दरम्यान, नंदुरबार जिल्ह्यातल्या कळसाडीहून उत्तरेला सातपुड्याकडे पाहिलं की वृषपर्वा तारकासमूह चांगला वर आलेला असतो. त्यातला डेल्टा हा तारा शेजारच्या झीटा आणि एप्सिलॉनशी ताडून पाहावा. कधी तो झीटाच्या तोडीचा असतो, तर तीन-चार रात्रींनी एप्सिलॉनपेक्षाही मंद. दुर्बीण लागत नाही. सुमारे 5.37 दिवसांचं हे चक्र जॉन गुडरिकने 1784 मध्ये ओळखलं. तारा खरोखरच फुगतो आणि आकसतो. आतला हेलियमचा थर दाबला गेला की उष्णता अडवून धरतो, प्रसरण पावला की सोडून देतो.

मडकं टिचकी मारून घ्यावं, तशी ताऱ्यांची पारख अशा स्पंदनांवरून होते. डेल्टाचं मात्र ठळक स्पंदन एकच. त्यातून थराथराचा हिशेब लागत नाही. सूर्याचं तसं नाही. त्याचा पृष्ठभाग साधारण पाच मिनिटांच्या आवर्तनाने थरथरतो, हे 1960च्या दशकाच्या आरंभी रॉबर्ट लेटन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं. या थरथरीत लाखो कंपनं मिसळलेली असतात. काही ध्वनिलहरी उथळ भागातूनच परततात, काही थेट गाभ्याकडे उतरतात. ध्वनीचा वेग तिथलं तापमान आणि वायूचं मिश्रण यांवर ठरतो, म्हणून वारंवारता नेमक्या मोजल्या की आतली स्थिती गणिताने काढता येते. अडचण एकच, रात्र! ती टाळायला 1995 पासून जगभरात सहा ठिकाणी आळीपाळीने सूर्य पाहिला जातो. त्यातलं एक ठिकाण उदयपूर.

या गणिताचं एक मोठं ठाणं मुंबईत होतं. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत शशिकुमार चित्रे आणि एच. एम. अंतिया यांनी कंपनांवरून सूर्याच्या अंतरंगाचं तापमान आणि रासायनिक घडण काढली. त्या काळी सूर्यावर आरोपच होता म्हणा ना. अमेरिकेतल्या होमस्टेक खाणीत रे डेव्हिस यांना सूर्याच्या गाभ्यातून येणारे न्यूट्रिनो कण अपेक्षेच्या जेमतेम एक तृतीयांश सापडत होते. गाभा आपण समजतो त्याहून थंड असेल, ही सोपी पळवाट. पण कंपनांनी तिला दुजोरा दिला नाही; मोजलेला ध्वनिवेग आणि सैद्धांतिक सूर्य यांत टक्क्याच्याही अंशाएवढाच फरक निघत होता. दोष न्यूट्रिनोंच्या स्वभावातच असणार. न्यूट्रिनो वाटेत रूप बदलतात, यावर कॅनडातल्या सडबरी प्रयोगाने 2001-02 मध्ये शिक्कामोर्तब केलं. सडबरीचा गाजावाजा झाला तो रास्तच, पण कंपनांच्या साक्षीला तेवढी दाद मिळाली नाही असं मला वाटतं.

दूरच्या ताऱ्यांची पाळी अवकाशातल्या केप्लर दुर्बिणीमुळे आली. मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रातल्या अन्वेष मजुमदार आणि सहकाऱ्यांनी 2014 मध्ये सूर्यासारख्या 19 ताऱ्यांच्या वारंवारतांमधले बारीक चढउतार तपासले. हेलियमचं आयनीभवन होतं तो थर आणि उकळत्या आवरणाचा तळ, या दोन्ही ठिकाणी ध्वनीचा वेग एकाएकी वळण घेतो आणि त्याची खूण वारंवारतांत उमटते. त्यावरून हे थर किती खोल आहेत ते सांगता येतं.

सूर्याची चौकशी मात्र पुन्हा उघडली आहे. वर्णपटाच्या नव्या मोजणीत ऑक्सिजन पूर्वीपेक्षा कमी भरला, आणि तो आकडा धरला की सैद्धांतिक सूर्य कंपनांशी जुळेनासा होतो. अंतिया आणि येल विद्यापीठातल्या सरबनी बसू यांनी 2006 मध्ये कंपनांवरूनच ऑक्सिजनसारख्या जड मूलद्रव्यांचं प्रमाण काढलं. ते जुन्या, जास्तीच्या आकड्याच्या बाजूने गेलं. वाद अजून मिटलेला नाही.